सोयगावच्या लाइनीतला उजेड

जहांआरा रस्त्याच्या कडेला काच जोडायला बसली की येणारे-जाणारे गाड्या थांबवून बघत उभे राहायचे. खड्ड्याच्या तोंडाशी घडीचं टेबल, वर बांधलेली छत्री आणि टेबलावर टिफिनच्या डब्याएवढं यंत्र. त्या यंत्रात ती केसासारख्या बारीक काचेच्या दोन तारा टोकाला टोक भिडवून ठेवायची आणि झाकण लावायची. आत ठिणगी उडायची, काच वितळायची आणि दोन तारांची एक होऊन जायची. कुठं जोडलंय ते नंतर तिला स्वतःलाही बोट फिरवून सांगता आलं नसतं.

"यातून काय जातं वो ताई?" कुणीतरी विचारायचंच.

"उजेड."

"मंग दिसंना कसा?"

"डोळ्याला दिसणारा नसतो तो. पण म्हणून टोक डोळ्यापुढं धरायचं नाय. दिसत नसला तरी डोळा घालवतो."

हे ऐकलं की लोक एक पाऊल मागं सरायचे. तार तोडणारे खोदाईवाले मात्र लांब झाडाखाली बसलेले असायचे. त्यांना विचारायचं काही नसायचं.

जहांआरा फुलंब्रीची. तिचे वडील चांदपाशा जुने वायरमन. आसपासच्या कितीतरी खेड्यांत घरातला पहिला बल्ब त्यांच्या हातानं लागलेला. मुलीनं शहरात आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं तेव्हा त्यांना आनंदच झाला. रोज सकाळी एसटीच्या थांब्यापर्यंत ते तिला सायकलवर सोडायला जायचे. पण पुढं ती एका खासगी कंपनीत काचेच्या तारांच्या कामाला लागली, ते मात्र त्यांच्या पचनी पडेना. तांब्याच्या तारेत करंट आहे की नाही ते टेस्टर सांगतो, ट्रान्सफॉर्मर घुमतो, हात लागला तर झटका बसतो.

"ये तार तो मुर्दा हय," ते म्हणायचे. "ना आवाज, ना झटका. इसमें कुछ जारा करके तू मानतीच कैसी?"

जहांआरा हसून सोडून द्यायची. मानायला तिलाही वेळ लागला होता. पहिली दोन-तीन वर्षं तिच्या लेखी ती नुसती काच होती. टोकं स्वच्छ पुसायची, सरळ कापायची, जोडायची, मीटर लावून आकडा बघायचा. आकडा बरोबर आला की खड्डा बुजवायचा. आकड्यापलीकडं काही आहे, याची तिला कल्पना नव्हती.

लग्न झालं. नवरा उजैर शाळेची व्हॅन चालवायचा. मुलगी झाली, शाइस्ता. घर फुलंब्रीतच राहिलं आणि जहांआराचं शहरात जाणं-येणंही. हात स्वच्छ आणि स्वभाव शांत म्हणून कंपनीनं तिला खड्ड्यांवरून काढून लाइनीच्या देखभालीवर घेतलं. लाइन वैजापूरहून यायची छत्रपती संभाजीनगर शहरात, तिथून फुलंब्री, सिल्लोड, आणि अजिंठ्याचा घाट उतरून सोयगाव. तिचे साहेब होते सुदर्शन काळे, वैजापूरकडच्या शेतकऱ्याच्या घरातले इंजिनिअर. कमी बोलायचे, आणि बोलले तर बहुधा प्रश्नच विचारायचे.

"एका तारेत किती उजेड जातात?" पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं.

"एक," जहांआरा म्हणाली.

काळेसाहेबांनी नाही अशी मान हलवली. मग कागदावर रेघा ओढत समजावून सांगितलं. एकाच तारेतून एकाच वेळी अनेक रंगांचा उजेड धावत असतो. रंग म्हणजे आपल्या डोळ्याचे नव्हेत, पण यंत्राला वेगवेगळे ओळखू येतात. एका रंगात मोबाइलचे टॉवर, एकात बँका, एकात सरकारी कचेऱ्या, एकात दवाखाने. सगळे एकमेकांच्या अंगातून जातात आणि कुणाचा कुणाला धक्का लागत नाही. पण वाट लांबची असली की उजेड दमतो. म्हणून वाटेत रस्त्याकडेला छोट्या खोल्या बांधलेल्या असतात. एसी, बॅटऱ्या आणि एक पत्र्याची चपटी पेटी. दमून आलेल्या सगळ्या रंगांच्या अंगात ती पेटी पुन्हा बळ भरते आणि पुढं सोडते. अशा पेट्या फुलंब्रीला, सिल्लोडला आणि सोयगावला होत्या. सगळे तिला अँप म्हणायचे.

जहांआरानं ते ऐकून घेतलं. घरी येताना बसच्या खिडकीतून ती रस्त्याच्या कडेच्या गवताकडं बघत राहिली. त्या गवताखाली काय चाललंय याचा विचार तिच्या मनात पहिल्यांदाच आला होता.

कापूस वेचणीच्या दिवसांतली गोष्ट. सकाळी वैजापूरजवळ रस्ता रुंद करणाऱ्या पोकलेननं केबल उपटली. असं होतच असतं. वैजापूरचा माणूस तिकडं निघालाही. पण तेवढ्यात शहरातल्या चिकलठाण्याच्या ऑफिसातून सोनियाचा फोन आला. ती दिवसभर सगळ्या लाइनींचे पडदे बघत बसायची.

"वैजापूर गेलं ते कळलं, ताई. पण सोयगाव कसं गेलं? ते तर दुसऱ्या बाजूला आहे."

सगळ्यांना वाटलं, घाटातही दरड-बिरड पडली असेल. एकाच वेळी दोन ठिकाणी तुटणं नवलाचं होतं, पण दुसरं काय असणार. काळेसाहेब आणि जहांआरा गाडी घेऊन निघाले. फुलंब्री ठीक. सिल्लोड ठीक. घाटात केबल जिथं जिथं वर येते तिथं उतरून बघितलं, सगळं धड. सोयगावच्या खोलीत पोचल्यावर जहांआरानं आलेल्या तारेला मीटर लावला आणि आकडा बघून थबकली. टोक पुसलं. पुन्हा लावला. दुसरा मीटर काढून लावला.

"साहेब," ती म्हणाली, "उजेड कमी नाय. जास्तीये."

काळेसाहेब वाकून बघत राहिले. इतकी वर्षं लाइन बंद म्हणजे उजेड पोचत नाही, एवढंच दोघांना ठाऊक होतं. इथं तो पोचत होता, आणि इतका पोचत होता की समोरचं यंत्र दिपून गेलं होतं. कडक उन्हात मोटारीच्या काचेवरून तिरीप डोळ्यांत यावी आणि समोरचं काहीच दिसू नये, तसं त्याचं झालं होतं.

त्यांनी उजेड अडवणारा एक छोटासा जोड तारेच्या तोंडाशी लावला. सोयगाव लगेच चालू झालं.

गावातल्या सरकारी दवाखान्यातलं लाइनीचं यंत्र नीट चाललंय का बघायला जहांआरा तिकडं गेली. नर्स सुरेखा सिस्टर कॉटवरची चादर बदलत होती. तिनं मागं न वळताच विचारलं, "आला का उजेड तुमचा?"

"आला."

"सकाळी भागूबाईला आणलं व्हतं. छातीत कळ. ईसीजीची पट्टी काढून पाठवली, पडद्यावर शहरातल्या मोठ्या डॉक्टर बाई सांगत व्हत्या काय द्यायचं, किती द्यायचं. अन् मधीच थिजल्या. तोंड उघडं ते उघडंच. फोन लावावा तर टावर बी बंद."

"मंग?"

"मंग काय. अँब्युलन्समधी घातलं अन् जळगाव गाठलं. वाचली, म्हणं. नशीब तिचं." सुरेखानं चादरीचा कोपरा गादीखाली खोचला. "कुठं तुटली व्हती तार?"

"तुटली नव्हती, सिस्टर. उजेड जास्त झाला."

सुरेखानं तिच्याकडं असं बघितलं की जहांआरानं हत्यारांची पिशवी उचलली.

परत निघून घाट चढून वर येतात तोच सोनियाचा पुन्हा फोन. वैजापूरची केबल जोडून झाली होती, आणि त्याच क्षणी सोयगाव पुन्हा बंद पडलं होतं. काळेसाहेबांनी गाडी कडेला घेतली आणि ते हसले. आता लावलेल्या जोडामुळं उजेड कमी पडत होता. गाडी वळवून ते पुन्हा घाट उतरले.

उतरता उतरता त्यांनी सांगितलं. पेट्या लावताना त्यांना हुकूम दिलेला होता की बाहेर पडणारा एकूण उजेड कायम सारखाच राहिला पाहिजे. लाइन नवी होती तेव्हा त्यात वावगं काही नव्हतं. पण आता तारेतले बहुतेक रंग वैजापूरकडून येत होते, शहरातून सोयगावला जाणारे मोजकेच. पोकलेनमुळं वैजापूरचे रंग एका फटक्यात गेले. पेटीनं मात्र हुकूम पाळला. एकूण उजेड तेवढाच ठेवायचा म्हणून जे मोजके रंग उरले त्यांच्यात सगळं बळ ओतलं.

 जहांआरा म्हणाली, "माझ्या खालाच्या, म्हणजे मावशीच्या, गल्लीत असंच होतं. शहरात आठ-आठ दिवसांनी पाणी येतं ना, मंग सगळे एकदम मोटरी लावतात. शेजारच्यांनी बंद केल्या की खालाच्या नळाला असा जोर येतो की पाइप निसटून भिंतीवर आपटतो."

"तसंच," काळेसाहेब म्हणाले. "पाणी सोडणारा म्हणतोय, मी तेवढं सोडणारच, नळ दहा असोत नाही तर एक."

"मंग त्याला सांगायचं कसं?"

काळेसाहेबांनी तिच्याकडं बघितलं. एरवी असा प्रश्न ते स्वतः विचारायचे. "एकूण बघू नकोस, असं सांगायचं. आत जेवढा आला त्याच्या इतक्या पट बाहेर काढ, बस. रंग कितीही असोत, प्रत्येकाला तितकीच पट."

ऐकायला सोपं होतं. करायला हिवाळा गेला आणि उन्हाळाही. वरून परवानगी, पेट्यांच्या आतल्या कार्डांचे बदल, आणि सिल्लोडची पेटी इतकी जुनी की हा नवा हुकूम तिला पेलेना. ती काढून चिकलठाण्याला आणली. मागच्या खोलीत टेबलावर ठेवून काळेसाहेबांनी स्क्रू काढले, उघडी टोकं टोपणांनी बंद केली, जहांआराला काळा-हिरवा चष्मा दिला आणि झाकण उचललं.

आत बांगडीएवढं काचेच्या तारेचं एक वेटोळं होतं. दिसायला बाकीच्या तारेसारखंच. काळेसाहेब म्हणाले, या काचेत एक दुर्मीळ धातू नावाला मिसळलेला असतो. बाजूचा एक लेझर त्यात सतत बळ भरत राहतो. भरलेलं बळ काचेत नुसतं वाट बघत थांबतं. पलीकडून दमलेला उजेड आला की ते त्याच्या अंगात उतरतं, आणि तो होता तसाच्या तसा, फक्त मोठा होऊन निघतो.

त्यांनी पडदा ओढला आणि ट्यूब बंद केली. "आता चष्मा वर कर. टोकं बंद आहेत. फक्त वेटोळ्याकडं बघ."

भर दुपारी अंधार केलेल्या त्या खोलीत ते वेटोळं हिरवं उजळलेलं होतं. मंद, आतून आल्यासारखं. पावसाळ्याच्या तोंडाशी बांधावर काजवा बसावा तसा रंग, पण न लुकलुकणारा.  इतक्या वर्षांत या कामातला उजेड तिनं डोळ्यानं कधी बघितला नव्हता.

"हा तो नव्हे," काळेसाहेब हळू आवाजात म्हणाले. "जो काम करतो तो अजूनही दिसत नाही. हा म्हणजे भरताना थोडासा सांडलेला."

त्यांनी लेझर कमी केला, वेटोळं फिकं झालं. वाढवला, उजळलं. मग दुसऱ्या बाजूनं एक साधा सिग्नल आत सोडला. हिरवा उजेड किंचित मावळला.

"का?" त्यांनी विचारलं.

जहांआरा बघत राहिली. "घेऊन गेला," ती म्हणाली. "वाट बघत होतं ते बळ तो घेऊन गेला."

त्या दिवशी घरी गेल्यावर तिनं अब्बांना सांगितलं. चांदपाशा आता फारसे बाहेर पडत नसत, दारात खुर्ची टाकून बसायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चूडी के इत्ता?"

"चूडी के इत्ता."

"और हरा?"

"हरा, अब्बा."

त्यानंतर त्यांनी ती तार मेलेली असल्याचं कधी म्हटलं नाही. उलट घरी कुणी आलं की सांगायचे, हमारी जहांआरा काँच में ताकत भरती.

नवं कार्ड बसवून सिल्लोडची पेटी जागेवर गेली आणि एका रविवारी सकाळी, लाइनीवर गर्दी नसताना, तिन्ही पेट्या नव्या हुकमावर टाकून बघितल्या. फसलं. शहरातून मुद्दाम काही रंग बंद केले की फुलंब्रीची पेटी बळ कमी करायची, पण जरा जास्तच. सिल्लोडला वाटायचं उजेड घटला, ती सावरायला जायची. तोवर फुलंब्री पुन्हा वर यायची आणि सोयगावला नुसता झोका बसायचा. वर, खाली, वर, खाली. सोयगावच्या खोलीत मीटरवरचा आकडा असा हेलकावताना बघून जहांआरानं साहेबांना फोन लावला.

"एकीनं दुसरीकडं बघायचंच नाही," फोनवरून काळेसाहेब म्हणाले. "प्रत्येकीनं फक्त आपला आत आणि आपला बाहेर बघायचा."

त्याची युक्ती पेटीतच होती, आणि जहांआराला सगळ्यात नवल वाटलं ते तिचं. आत येणाऱ्या उजेडातून पेटी जरासा थेंब बाजूला काढते, बाहेर जाणाऱ्यातूनही तसाच एक थेंब. दोन थेंब ताडून बघते आणि त्यावरून लेझरला सांगते, वाढ किंवा थांब. बाकीचा सगळा उजेड तोवर थांबत नाही, तो निघून गेलेलाच असतो. हे ताडणं किती चपळ असावं आणि किती सबुरीनं, ते प्रत्येक पेटीला वेगळं लागत होतं. आधी फुलंब्री, मग सिल्लोड, मग सोयगाव, अशा क्रमानं दोघं पुढं सरकत गेले. तिन्ही खोल्यांच्या किल्ल्या जहांआराच्या पर्समध्ये असायच्या. शाइस्ताची शाळा सुरू झाली तेव्हा कुठं झोका थांबला. सोनियानं पडद्यावर बघून सांगितलं, "ताई, तुम्ही रंग बंद केले का? इथं सोयगाव हललंच नाही."

पण ते रंग ठरवून बंद केलेले होते. खरी तार खरोखर तुटल्यावर काय होईल, ते कुणालाच माहीत नव्हतं.

पुन्हा कापूस फुटला. जहांआरा सोयगावच्या खोलीतल्या एसीची जाळी साफ करून दवाखान्यात आली होती, कारण पडद्यावरचं चित्र मधूनमधून फुटतं अशी सुरेखा सिस्टरची तक्रार होती. यंत्रामागचा एक जोड सैल होता. तो बसवून ती हत्यारं पिशवीत टाकत होती तेवढ्यात कचरूला आणलं. चाळिशीचा शेतकरी, कापूस वेचताना पायाला नाग डसलेला. बायको मागून धावत आली होती, तिच्या कमरेला कापसाची झोळी तशीच बांधलेली.

तिथले डॉक्टर इंद्रजीत तरुण होते, नोकरीला लागून वर्षही झालं नसेल. त्यांनी सुई लावली, विषावरचं औषध सुरू केलं आणि पडदा चालू केला. शहरातल्या मोठ्या डॉक्टर बाई आल्या. पांढरे होत चाललेले केस, गळ्यात चष्म्याची दोरी.

"कॅमेरा जवळ घ्या. मला त्याच्या पापण्या दिसू देत."

सुरेखानं कॅमेरा पुढं ओढला. कचरूच्या पापण्या अर्ध्यावर उतरल्या होत्या, झोप आल्यासारख्या. त्याला झोप आलेली नव्हती. तो डोळे उघडायला धडपडत होता आणि ते उघडत नव्हते.

"नागाचं विष नसांवर जातं," बाई इंद्रजीतना म्हणाल्या. "आधी पापण्या, मग गळा, मग श्वास. त्याला एका दमात आकडे म्हणायला लावा. मला ऐकू द्या."

"कचरूभाऊ, एका दमात म्हणायचं. एक, दोन, तीन."

कचरू म्हणायला लागला. सात म्हणता म्हणता आवाज बसला. बायकोनं पदर तोंडात धरला.

बाईंनी दुसरं एक इंजेक्शन सांगितलं, किती आणि किती हळू ते सांगितलं. "देताना नाडीवर हात ठेवा. मी पापण्या बघतेय. मी थांब म्हटलं की थांबायचं."

जहांआरा भिंतीला टेकून उभी होती. बाहेर जायला हवं हे तिला कळत होतं, पण दाराशी कचरूची बायको उभी होती आणि तिला बाजूला हो म्हणवेना. तेवढ्यात पिशवीत फोन थरथरला. सोनियाचा निरोप होता. वैजापूर कट.

जहांआरानं मान वर केली आणि पडद्याकडं बघितलं.

निरोप आला म्हणजे तार तुटून गेलेली होती. तारेतले बहुतेक रंग या घटकेला विझलेले होते. त्या उजेडाच्या जिवावर चाललेलं सगळं वैजापूरच्या बाजूला ठप्प झालं असणार. आणि पडद्यावर डॉक्टर बाईंचे ओठ हलत होते.

"हळू. अजून हळू. बरोबर."

जहांआराला वाटलं, आत्ता थिजतील. ती त्यांच्या तोंडाकडं डोळे लावून राहिली. बाईंनी चष्मा डोळ्यावर घेतला. पुढं वाकल्या. त्यांच्या मागं कुणीतरी दार उघडून आत डोकावलं आणि परत गेलं, तेही स्वच्छ दिसलं.

"थांबा," बाई म्हणाल्या. इंद्रजीतांचा हात थांबला. "पापणी बघा त्याची. उजवी."

उजवी पापणी वर सरकत होती. अगदी सावकाश, एखादं जड शटर उचलावं तशी. मग डावी. कचरूच्या डोळ्यांत बुबुळं दिसायला लागली आणि ती बायकोला शोधत फिरली.

"आता पुन्हा आकडे."

कचरूनं सुरुवात केली. सात गेले. दहा गेले. आवाज घोगरा होता, पण तुटला नाही. पंधरापाशी त्याचा दम संपला तेव्हा पडद्यावरच्या बाई खुर्चीत मागं टेकल्या. "श्वासावर लक्ष ठेवा. मी इथंच आहे, पडदा बंद करू नका."

खोलीतल्या कुणालाही काही कळलं नव्हतं. सुरेखा सलाइनची नळी नीट करत होती. इंद्रजीतांच्या कपाळावर घाम होता, तो कचरूसाठी. कचरूच्या बायकोनं कमरेची झोळी सोडून खाली ठेवली. जहांआरा एकटीला ठाऊक होतं की यांच्या आणि शहरातल्या त्या बाईंच्या मधला बहुतेक उजेड नुकताच नाहीसा झाला होता. आणि तो गेला त्याच क्षणी फुलंब्रीच्या, मग सिल्लोडच्या, मग इथल्या, कुणी नसलेल्या कुलूपबंद खोल्यांतून तीन पेट्यांनी आपले दोन-दोन थेंब ताडून बघितले होते आणि हात आवरला होता. उरलेल्या रंगांना ना जास्त दिलं, ना कमी.  ती बाहेर व्हरांड्यात आली आणि बाकावर बसली. समोर अँब्युलन्सच्या सावलीत कुत्रं झोपलेलं होतं. तिनं काळेसाहेबांना फोन लावला.

"साहेब, सोयगाव?"

"चालू आहे."

"मी तिथंच आहे. दवाखान्यात."

"मग? काय दिसतंय तिथं?"

"कायबी होत नाय," जहांआरा म्हणाली. "तेच बघतेय."



दुसऱ्या दिवशी चिकलठाण्याला सोनियानं पेट्यांनी टिपून ठेवलेला आलेख मोठ्या पडद्यावर लावला. सोयगावला पोचलेल्या उजेडाची रेघ. सकाळपासून संध्याकाळपर्यंत सरळ, दोरी ताणून धरल्यासारखी. वैजापूर कधी तुटलं, त्या रेघेवरून ओळखू येत नव्हतं.

"जवळून दाखव," काळेसाहेब म्हणाले.

सोनियानं तो तास ताणून मोठा केला. सरळ. मिनिट मोठं केलं. सरळ. सेकंद. सरळच. तिनं सेकंदाचे तुकडे केले, त्या तुकड्यांचे तुकडे केले, आणि मग रेघेवर एक उंचवटा दिसला. मुंगीनं उचललेल्या मातीएवढा. चढला होता आणि लगेच उतरला होता. त्या सबंध उंचवट्याला पापणी लवायला लागतो त्याच्या कैक पटींनी कमी वेळ लागला होता.

काळेसाहेबांनी पडद्याजवळ जाऊन त्याच्यावर बोट ठेवलं आणि काढून घेतलं.  जहांआराला आदल्या दिवशीच्या खोलीतले सगळे आठवत होते. इंद्रजीतांचा सुईवरचा हात, दाराशी उभी कचरूची बायको, पंधरापर्यंत पोचलेला घोगरा आवाज. त्या सगळ्यांच्या मधोमध हे घडून गेलं होतं.

"वरच्यांना पाठवायचा का?" सोनियानं विचारलं.

"पाठव," काळेसाहेब म्हणाले. "पण त्यांना काय दिसणार यात?"

पाठवला. उत्तरात फक्त विचारणा आली की दुसऱ्या लाइनीवरही असं करता येईल का. त्या कामावर काळेसाहेब पुढच्या वर्षी नागपूरला गेले आणि वैजापूर ते सोयगाव ही लाइन जहांआराकडं आली. आता तारेत नवा रंग घालायचा असला की तीच तिन्ही खोल्यांतून फिरते. नव्याला जागा करून देताना जुन्यांचं बळ घटू नये म्हणून त्याला एकदम सोडत नाही. बारीक करून आत घेते आणि हळूहळू मोठा करते. पुण्याहून नवे इंजिनिअर येतात, आलेख बघतात, त्यांच्याकडून तीही नव्या गोष्टी शिकते. त्यांच्यातल्या प्रेरणा नावाच्या मुलीनं एकदा विचारलं, इतकी वर्षं करून कंटाळा येत नाही का.  जहांआरानं पडदा ओढला, ट्यूब बंद केली आणि दुरुस्तीला आलेल्या एका पेटीचे स्क्रू काढायला घेतले.

कचरू आपल्या पायांनी घरी गेला, हे तिला आलेख पाठवला त्याच आठवड्यात सुरेखा सिस्टरच्या फोनवरून कळलं होतं. फोन त्यासाठी नव्हता. दवाखान्याला आता दुसरा पडदा मिळणार होता, बाळंतिणींच्या खोलीसाठी, आणि तार तिथपर्यंत ओढून मिळेल का, हे तिला विचारायचं होतं. जहांआरानं सोमवार सांगितला.